पुस्तकांचं कपाट, पण किल्ली कुणाकडे?

बालदोस्तांनो,

सहामाही परीक्षा संपली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, सुट्टीत काय वाचू?" गेल्या काही वर्षांत त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न यायला लागला आहे, "बाई, सुट्टीत कशावर वाचू?" कुणाच्या मामाने किंडल आणायचं कबूल केलेलं असतं, कुणाला बाबांचा मोबाइल हवा असतो, तर कुणी दुकानातल्या काचेपलीकडचं यंत्र बघून आलेलं असतं. घरातली मोठी माणसं मात्र विचारतात, "आता पुस्तक वाचायलासुद्धा यंत्र लागतं का रे?"

लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण असं यंत्र घ्यायचंच असेल, तर डोळे उघडे ठेवून घ्यायला हवं. दहा हजार रुपये म्हणजे काही खाऊचे पैसे नव्हेत. म्हणून आज आपण दुकानात जाण्याआधी विचारायचे सहा प्रश्न बघू या. हे प्रश्न पाठ करायचे नाहीत बरं का, समजून घ्यायचे. एकदा समजले, की दुकानदार कितीही गोड बोलला तरी तुम्ही फसणार नाही.

आधी यंत्राची ओळख

ई-रीडर म्हणजे फक्त वाचण्यासाठी केलेलं यंत्र. दिसायला पाटीसारखं, जाडीने वहीएवढं. वजन साधारण पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे दीडशे पानांच्या पुस्तकाइतकंच. त्याची खरी गंमत त्याच्या पडद्यात आहे.

मोबाइलचा पडदा दिव्यासारखा असतो, तो उजेड थेट आपल्या डोळ्यांत फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात असते 'ई-शाई'. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९९०च्या दशकात ती तयार झाली आणि १९९७ मध्ये तिच्यासाठी कंपनीही निघाली. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात तरंगणारे बारीक पांढरे आणि काळे कण. पांढऱ्यांवर धन विद्युतभार, काळ्यांवर ऋण. खालून विजेचा इशारा मिळाला, की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. वर काळे आले की काळा ठिपका, पांढरे आले की पांढरा. अशा ठिपक्यांचंच अक्षर बनतं.

आता यातली खरी मेख ऐका. एकदा वर आलेले कण तिथेच थांबतात, त्यांना तिथे धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान उलटताना. म्हणून रोज अर्धा-पाऊण तास वाचलं तर एकदा चार्ज केलेलं यंत्र काही आठवडे चालतं. आणि हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचायचा असल्यामुळे भर उन्हात अंगणात बसलात तरी अक्षरं ठळक दिसतात. उन्हात मोबाइल धरून बघा म्हणजे फरक कळेल!

उणिवाही सांगायलाच हव्यात. पान उलटताना पडदा क्षणभर लुकलुकतो. कधी कधी आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते, नीट न पुसलेल्या फळ्यासारखी. आणि बहुतेक साध्या यंत्रांवर चित्रं काळी, पांढरी आणि करडी दिसतात. रंगीत ई-शाईची यंत्रंही निघाली आहेत, पण ती महाग आहेत आणि त्यांचे रंग जरा फिकेच असतात. रंगीत चित्रकथा हेच तुमचं मुख्य वाचन असेल, तर ई-रीडर घेऊन हिरमोड होईल.

प्रश्न पहिला : मला वाचायची पुस्तकं त्यात नीट उघडतील का?

ई-पुस्तकांच्या निरनिराळ्या जाती असतात. त्यातल्या दोन ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली जात पीडीएफ. ही १९९३ पासून आहे. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा जणू फोटोच. पान जसं होतं तसंच राहतं. मोठ्या पानाचा फोटो सहा इंची पडद्यावर आणला की अक्षरं मुंगीएवढी होतात. मग मोठं करा, उजवीकडे सरकवा, डावीकडे सरकवा. एक ओळ वाचायला तीनदा बोट फिरवावं लागतं. अशाने गोष्टीतली गंमतच निघून जाते.

दुसरी जात ईपब. ही २००७ साली आली. ईपबमधला मजकूर पाण्यासारखा असतो. तांब्यात ओता, तांब्याचा आकार घेईल, वाटीत ओता, वाटीचा घेईल. पडदा लहान असो की मोठा, ओळी आपोआप नव्याने लागतात. अक्षर मोठं केलं की पानांची संख्या वाढते, पण ओळ पडद्याबाहेर जात नाही. चष्मा लावूनही बारीक टाईप वाचता न येणाऱ्या आजीला याचं मोल विचारा! एक बटण दाबलं की तिचं पुस्तक मोठ्या टायपात हजर.

म्हणून दुकानात विचारायचं, "हे यंत्र ईपब थेट उघडतं का?" कोबो आणि पॉकेटबुक या कंपन्यांची यंत्रं ईपब थेट वाचतात. किंडलचं तसं नाही. तारेने टाकलेलं ईपब ते उघडत नाही. ते आधी किंडलच्या जातीत बदलून घ्यावं लागतं, नाहीतर नेटवरून कंपनीमार्फत पाठवावं लागतं. हे माहीत असलं म्हणजे घरी आल्यावर "यंत्र बिघडलंय" असं म्हणत धावपळ करावी लागत नाही.

तुमची बहुतेक पुस्तकं पीडीएफ असतील, तर सहा इंची ई-रीडरपेक्षा मोठ्या पडद्याचं साधन बरं. कुठलं यंत्र चांगलं हे आधी पुस्तकांवरून ठरतं, जाहिरातीवरून नव्हे.

प्रश्न दुसरा : त्याला मराठी नीट येतं का?

हा प्रश्न इंग्रजी जाहिरातीत कधीच सापडायचा नाही! तो आपणच विचारायचा. आपली देवनागरी सुंदर आहे, पण यंत्राला तिचं शिक्षण द्यावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो. जोडाक्षरं तर एकमेकांच्या खांद्यावर उभ्या राहिलेल्या गोविंदांसारखी! यंत्राला हे नियम ठाऊक नसले की थर कोसळतो. वेलांटी सुटी पडते, तिच्याजवळ टिंबांचं रिकामं वर्तुळ दिसतं आणि पाय मोडलेली अक्षरं ओळीत उभी राहतात.

यासाठी मी एक चाचणीचं वाक्य केलं आहे. ते वहीत उतरवून घ्या.

'दुसऱ्या दिवशी विठ्ठलच्या काळ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात क्लृप्तीने लपवलेलं श्रीखंड, सुट्ट्या कैऱ्या, मातीची मूर्ती आणि ज्ञानदाचं ऋतूंवरचं पत्र सापडलं.'

वाक्याला फारसा अर्थ नाही, पण त्यात ऱ्य आहे, ठ्ठ आहे, क्लृ आहे, ट्ट्य आहे, रफार आहे, ज्ञ, श्र, ऋ, ळ आणि ॲसुद्धा आहे. मोठ्या माणसांच्या मदतीने हे वाक्य संगणकावर टाईप करून त्याचं छोटं ई-पुस्तक करा आणि यंत्रावर उघडून बघा. दुकानात ते करू देत नसतील, तर निदान एखादं मराठी पुस्तक उघडून दाखवायला सांगा. सगळी अक्षरं जागच्या जागी दिसली तर यंत्र पास. एक जरी मोडलं तर नापास, मग त्याचा रंग कितीही छान असो. नंतर वेगळा फाँट टाकायची सोय आहे का, हेही विचारा. मुक्त, नोटो असे चांगले देवनागरी फाँट फुकट मिळतात.

आणखी एक. कधी कधी यंत्र चांगलं असतं, पण पुस्तकच जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेलं असतं. मग मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसतात. अशा वेळी यंत्राला दोष देऊ नका. हल्ली सगळ्या जगात चालणारी युनिकोड नावाची पद्धत आहे, त्या पद्धतीने टाईप केलेलं पुस्तक मिळवायचं.

प्रश्न तिसरा : नेट नसताना चालेल का?

साध्या ई-रीडरची ही खरी परीक्षा. पुस्तक एकदा आत आलं, की वाचायला नेट लागता कामा नये. बहुतेक ई-रीडर या परीक्षेत उतरतात. पण पुस्तक आत टाकायचं कसं, ते विचारलं का?

सगळ्यात साधा मार्ग तारेचा. यूएसबीची तार संगणकाला जोडली की यंत्र पेनड्राईव्हसारखं दिसतं. पुस्तक तिथे ठेवायचं, तार काढायची, झालं! मात्र काही तारांतून नुसती वीज जाते, माहिती जात नाही. यंत्र संगणकाला दिसेना, तर आधी तार बदलून बघा. पुस्तकांची जात बदलायला आणि यादी लावायला 'कॅलिबर' नावाची मोफत आज्ञावली आहे. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनी कंपनीच्या ई-रीडरसाठी ती लिहायला घेतली, आणि आज ती जगभर वापरली जाते.

काही यंत्रं पहिल्यांदा सुरू करताना नोंदणीसाठी नेट मागतात. ते काम घरी मोठ्यांसमोर उरकून घ्यायचं. मग यंत्र एअरप्लेन मोडवर टाकायचं. म्हणजे नेट बंद. बॅटरीही वाचते आणि लक्षही विचलित होत नाही.

प्रश्न चौथा : किल्ली कुणाकडे?

दोस्तांनो, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. तुम्ही दुकानातून कागदाचं पुस्तक आणलं, तर ते तुमचं. मित्राला द्या, ताईला द्या, रद्दीत घाला, दुकानदार काही म्हणणार नाही. ई-पुस्तकाचं नेहमी तसं असतं का? दोन खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट जुलै २००९ मधली. अमेरिकेत अनेक वाचकांनी जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं किंडलवर विकत घेतली होती. नंतर कळलं, की ज्याने ती दुकानात ठेवली त्याला विकण्याचा हक्कच नव्हता. ॲमेझॉन कंपनीने काय केलं? लोकांच्या यंत्रांतून ती पुस्तकं दुरूनच पुसून टाकली! पैसे परत दिले, पण पुस्तक गेलं ते गेलंच. एक शाळकरी मुलगा सुट्टीतला अभ्यास म्हणून '१९८४' वाचत होता. त्याने जागोजागी टिपा लिहिल्या होत्या. पुस्तकच नाहीसं झाल्यावर त्या टिपा कशावरच्या, हे कळायला मार्ग उरला नाही. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. गंमत बघा, '१९८४' ही कादंबरी कशाबद्दल आहे? सत्ताधारी जुने कागद हवे तसे बदलतात आणि नकोसे नष्ट करतात, त्याबद्दल!

दुसरी गोष्ट २०१९ मधली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. लोकांनी घेतलेली पुस्तकं त्या वर्षीच्या जुलैपासून उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पण कपाट रिकामं.

असं का होतं? कारण अशा पुस्तकांना कंपनीचं कुलूप असतं. आपल्याला मिळते ती वाचायची परवानगी, मालकी नव्हे. फेब्रुवारी २०२५ पर्यंत किंडलचं विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात टाकता येत होतं. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने ती सोय बंद केली. आपल्याकडची स्वतःची फाईल मात्र अजून तारेने टाकता येते.

म्हणजे किंडल वाईट का? तसं मी म्हणत नाही. त्याचा पडदा चांगला आहे, आणि २०१६च्या डिसेंबरपासून त्याच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तकंही आली. पण काय विकत घेतो आहोत ते कळून घ्यावं. कपाट आपल्या घरात आहे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असं चालणार असेल तर जरूर घ्या. माझा सल्ला एवढाच, की जी पुस्तकं कुलपाशिवाय मिळतात ती आधी जमवा आणि त्यांची एक प्रत घरच्या संगणकावर किंवा पेनड्राईव्हवर ठेवा. आणि जे पुस्तक जन्मभर जवळ असावंसं वाटतं, ते कागदाचंच घ्या!

प्रश्न पाचवा : केवढं मोठं आणि किती जागेचं?

दुकानदार सांगेल, "याच्यात १६ जीबी आहे, त्याच्यात ३२ जीबी आहे, थोडे जास्त पैसे टाका." थांबा. पाकीट बाहेर काढण्याआधी वही काढा.

दोनशे पानांचं गोष्टींचं पुस्तक घेऊ. एका पानावर साधारण अडीचशे शब्द. एका शब्दात सरासरी सहा चिन्हं धरू. म्हणजे एका पानात १,५०० चिन्हं आणि पुस्तकात ३ लाख. संगणकात देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट जागा घेतं. झाले ९ लाख बाइट, म्हणजे एक एमबीहूनही कमी. आता समजा, ८ जीबीच्या यंत्रात पुस्तकांसाठी ५ जीबीच मोकळी आहे. एका पुस्तकाला एक एमबी धरली तरी ५,००० पुस्तकं मावली! आठवड्याला एक या वेगाने वाचलीत तर किती वर्षं पुरतील? करा भागाकार. जवळजवळ ९६ वर्षं! मग ३२ जीबी कशाला?

हां, फोटो काढून केलेलं पीडीएफ एकेक ५० एमबीचं असू शकतं. तशी मात्र त्याच ५ जीबीत शंभरच बसतील. म्हणजे पुन्हा पहिल्याच प्रश्नाशी आलो, माझी पुस्तकं कोणत्या जातीची?

पडदा सहा इंची पुरतो. अक्षर रेखीव हवं असेल तर 'इंचाला किती ठिपके' ते बघा. २००७च्या पहिल्या किंडलमध्ये इंचाला १६७ ठिपके होते, हल्लीच्या चांगल्या यंत्रांत ३०० असतात. जोडाक्षरांच्या बारीक रेषांसाठी ३०० असलेले बरे. रात्री वाचत असाल तर आतला दिवा हवा. हा दिवा कडेला बसवलेला असतो आणि त्याचा उजेड पडद्यावर पडतो, तुमच्या डोळ्यांवर नाही. बाकी गाणी वाजणं, पाण्यात चालणं, रंगीबेरंगी वेष्टन या गोष्टी पैसे उरले तर.

आणि जपा बरं का! ई-शाईचा पडदा दाबाने तडकतो. दप्तरात डब्याखाली ठेवलात, की संपलं. जुनं यंत्र घेत असाल, तर पडद्यावर न हलणाऱ्या रेघा नाहीत ना आणि आधीच्या मालकाचं खातं पुसलंय ना, हे बघूनच पैसे द्या.

प्रश्न सहावा : खरंच घ्यायला हवं का?

२०२२ साली भारतात आलेल्या साध्या किंडलची किंमत ९,९९९ रुपये होती. म्हणजे साधारण दहा हजारांचा मामला धरू या. आमच्या शाळेतला एक हिशेब तुम्हाला सांगते.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वाचनासाठी बारा हजार रुपये दिले. "ई-रीडर घ्या, शाळा आधुनिक दिसेल," असं काही जण म्हणाले. मी सातवीच्या मुलांनाच विचारलं. फळ्यावर दोन रकाने पाडले. एका बाजूला एक ई-रीडर, दुसऱ्या बाजूला शंभर रुपयांना एक याप्रमाणे १२० पुस्तकं. वर्गात मुलं ४२. एक जण पटकन म्हणाला, "बाई, यंत्रात पाच हजार पुस्तकं असली तरी एका वेळी वाचणार एकच जण. बाकीच्या एकेचाळीस जणांनी काय करायचं?" झालं! सगळे पुस्तकांच्या बाजूचे झाले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते, आणि ती परत येते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. ती म्हणाली, "बाई, पुस्तकं शाळेत राहतील. आम्ही तर इथं नसतोच. तुम्ही दिलेली चार पुस्तकं मागच्या साली महिन्यात वाचून झाली. मग तीच पुन्हा पुन्हा वाचली. कोपीत ओझं तरी किती न्यायचं?"

वर्ग गप्प झाला. दोस्तांनो, तिचं म्हणणं खरं होतं. हलकं, नेटशिवाय चालणारं, शंभर पुस्तकं पोटात ठेवणारं यंत्र कुणाला सगळ्यात उपयोगी, तर तिला. पण उसाच्या फडात, धुळीत, पाचटाच्या कोपीत दहा हजारांची नाजूक वस्तू सांभाळायचा घोर तिच्या आईच्या डोक्याला का लावायचा?

बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं. बारा हजारांतून पुस्तकंच घ्यायची, पण त्यातली तीस पुस्तकं पातळ आणि हलकी निवडायची. बाहेरगावी जाणाऱ्या मुलांसाठी ती वेगळ्या पिशव्यांत ठेवायची. आणि गावात ज्यांच्या घरी जुना पण चालू मोबाइल पडून आहे, त्यांच्याकडे तो मागायचा. दोन मिळाले. त्यातलं सगळं पुसलं, सिमकार्ड काढलं, पुस्तक वाचायचं एक ॲप ठेवलं, नव्वद मराठी पुस्तकं भरली आणि एअरप्लेन मोड लावला. झाला बिनपैशाचा ई-रीडर! पडदा ई-शाईचा नाही, बॅटरीही आठवडे टिकणारी नाही, ती टोळीतल्या ट्रॅक्टरवर किंवा जवळच्या दुकानात चार्ज करून घ्यावी लागते. पण हरवला तर कुणी रडणार नाही.

म्हणून तुम्हालाही सांगते. नवं यंत्र मागण्याआधी महिनाभर घरातल्या जुन्या मोबाइलवर असंच करून बघा. महिन्यात तीन-चार पुस्तकं पुरी झाली, तर तुम्हाला ई-पुस्तकं रुचतात असं समजा आणि मग ई-रीडरसाठी आईबाबांशी बोला. एकही पूर्ण झालं नाही, तर दहा हजारांचं यंत्रही धूळच खाईल.

पुस्तकं आणायची कुठून?

सरळ मार्गाने! मोबाइलच्या ग्रुपवर फिरणारी नव्या पुस्तकांची पीडीएफ ही बहुधा चोरीची असतात. ज्याने पुस्तक लिहिलं, ज्याने चित्रं काढली, त्यांना त्यातून दमडीही मिळत नाही.

आणि चोरी करायची गरजही नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षं संपली, की त्याचं लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. साने गुरुजी गेले १९५० साली. ६० मिळवा, झालं २०१०. म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' खुली झाली. पण फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत गेले २००१ साली. त्यांचं लेखन कधी खुलं होईल, हे तुम्हीच काढा. तोवर फास्टर फेणे विकत घेऊन किंवा वाचनालयातूनच वाचायचा!

मराठी विकिस्रोतावर अशी खुली झालेली पुस्तकं आहेत आणि ती ईपबमध्ये उतरवता येतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोफत वाचायला ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने पीडीएफ पुस्तकं फुकट देतं. गंमत म्हणजे जगातलं पहिलं ई-पुस्तक मानलं जातं ते मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संगणकावर टाईप केलं, आणि आपलं 'किशोर'ही सुरू झालं ते १९७१ सालीच! हार्टने सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गमध्ये आता सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत, सगळी फुकट आणि बिनकुलपाची.

आता या आठवड्याचा अभ्यास. चाचणीचं वाक्य घरातल्या एखाद्या मोबाइलवर कुणाकडून तरी टाईप करून घ्या आणि प्रत्येक जोडाक्षर तपासा. भा. रा. भागवतांचा हिशेब वहीत मांडा. आणि तिसरं काम जरा मोठं. तुमच्या गावात, गल्लीत असा कुणी मित्र किंवा मैत्रीण आहे का, जिच्यापर्यंत पुस्तक पोचत नाही? तिला काय जास्त उपयोगी पडेल, कागदाची चार पुस्तकं की नव्वद पुस्तकं भरलेला जुना मोबाइल? उत्तर तिलाच विचारून लिहा. आपल्या मनाने ठरवू नका हं!

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवलीत तरी चालतील. भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई